'कॅश्यू' हा शब्द आला कुठून? काजूच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांवर काजू पिकू लागतो आणि त्याच्याबरोबर नावांचे प्रश्नही सुरू होतात. पणजी-म्हापशाच्या दुकानांच्या पाट्यांवर 'कॅश्यू' असतं, घरात काजू म्हणतात, कारवारकडची माणसं ओल्या गराला बिब्बो म्हणतात आणि बेळगाव ओलांडून पुढे गेलं की दुकानदार गोडंबी काढून देतो. एवढ्याशा बीला इतकी नावं कशी, हे शाळेतली मुलंही विचारतात आणि भाषेचे अभ्यासकही.

मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आधीच सांगतो. काजूच्या नावांचे दोन मोठे प्रवाह आहेत. एक ब्राझीलहून जहाजात बसून बियांबरोबर आला. त्याची कहाणी सगळे सांगतात. दुसरा इथल्याच मातीतला, बिब्ब्याच्या नावाचा. त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याच्यासाठीच लिहिली आहेत.

'कॅश्यू' हा शब्द मुळात कुठल्या भाषेतला?

तुपी भाषेतला. ब्राझीलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आदिवासींची ही भाषा. त्यांच्या तोंडी या झाडाचं आणि फळाचं नाव 'अकाजू' असं होतं. पेद्रू आल्वारिश काब्रालचं आरमार एप्रिल 1500 मध्ये त्या किनाऱ्याला लागलं आणि तेच आरमार सप्टेंबरात कालिकतला पोचलं. म्हणजे ब्राझील आणि आपला पश्चिम किनारा पोर्तुगिजांच्या एकाच सफरीत जोडले गेले. काजूचं झाड मात्र त्या सफरीत आलं नाही, ते पुढे बऱ्याच वर्षांनी आलं.

पोर्तुगिजांनी शब्द घेताना सुरुवातीचा 'अ' गाळला आणि 'काजू' ठेवला. त्यांचा ज आपल्यासारखा नव्हे, तो 'ट्रेझर' म्हणताना ऐकू येतो तसा मऊ. इंग्रजांच्या तोंडी त्याचा श झाला आणि 'कॅश्यू' तयार झाला. इंग्रजीत आजही काही जण पहिल्या अक्षरावर जोर देतात, काही दुसऱ्यावर. दोन्ही बरोबर मानतात.

या फळाचं युरोपात छापलेलं पहिलं चित्र फ्रेंच प्रवासी आंद्रे तेव्हेच्या पुस्तकात आहे. 1558 च्या सुमाराचं हे पुस्तक ब्राझीलमधल्या फ्रेंच वसाहतीबद्दल आहे.

मग मराठीतला 'काजू' इंग्रजीवरून आला का?

नाही. काही जणांना तसं वाटतं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच नव्या वस्तूंची नावं इंग्रजीतून आली. पण काजू इंग्रजांच्या आधीच आपल्याकडे रुळला होता. तो पोर्तुगीजमधून थेट कोकणी-मराठीत आला. पाव, पगार, चावी, हापूस हे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने. इंग्रजीवरून आला असता तर आपल्याकडे 'काशू'सारखं काहीतरी झालं असतं. तो ज शाबूत आहे, हाच त्याचा पुरावा.

आणि तो ज कसा उच्चारायचा, हेही नीट ऐकण्यासारखं आहे. मराठी माणूस 'काजू' म्हणताना 'जहाज'मधला दंत्य ज काढतो. हिंदी माणूस 'जीवन'मधला तालव्य ज काढतो. पोर्तुगीज उच्चाराच्या जवळ या दोहोंतलं कोण, यावर वाद घालता येईल. गोव्यात मात्र लहान मूलसुद्धा हिंदी उच्चार ऐकला की हा पर्यटक आहे, हे ओळखतं.

तुपी भाषेत या शब्दाला आणखी काही अर्थ होता का?

होता, आणि तो मला फार आवडतो. जुन्या तुपीत हाच शब्द 'वर्ष' या अर्थानेही वापरत. झाड वर्षातून एकदा फळतं, म्हणून एक काजू म्हणजे एक वर्ष. वय मोजायचं ते काजूच्या बहरांवर.

ब्राझीलच्या नकाशावरही तो शब्द आहे. सर्जिपी राज्याच्या राजधानीचं नाव आराकाजू. त्याचा अर्थ 'मकाव पोपटांचं काजूचं झाड' असा सांगतात.

काजू गोव्यात नक्की कधी आला?

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. याचा माग काढायला दोन पुस्तकं पुरतात.

पहिलं गार्सिया द ओर्ताचं. हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि इथेच वारला. पणजीच्या मोठ्या चर्चसमोरच्या बागेला त्याचंच नाव आहे. भारतातल्या औषधी आणि फळांवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात नारळ आहे, आंबा आहे, फणस आहे, विड्याचं पान आहे. काजू नाही. गोव्यात जवळपास तीन दशकं राहिलेला, बागांचा शौकीन वैद्य काजू पाहून गप्प बसला असता, हे पटत नाही.

दुसरं पुस्तक क्रिश्तोव्हाँव द कॉश्ता या वैद्याचं, 1578 मधलं. त्याला कोचीनच्या सांताक्रूझमधल्या बागांत काजू दिसला आणि त्याने तो वर्णनासकट नोंदवला. या दोन पुस्तकांच्या मधल्या काळात झाड आपल्या किनाऱ्यावर पाय रोवत होतं. सुरुवातीला बागेतली नवलाई, नंतर डोंगरउतार, आणि मग रान.

ओर्ताच्या पुस्तकात काजू नाही, पण 'अनाकार्दो' आहे असं वाचलं. तो काजू नव्हे का?

नव्हे. तो आपला बिब्बा. काजूच्या नावांची खरी गुंतागुंत इथे सुरू होते.

ओर्ता सांगतो, की या फळाला अरब 'बलादोर' म्हणतात, इथले लोक 'बिबो' म्हणतात आणि पोर्तुगीज 'मलाक्काचा वाल' म्हणतात. संस्कृत भल्लातक, मराठी बिब्बा. युरोपातले औषधविक्रेते कित्येक शतकं याच बिब्ब्याला 'अनाकार्डियम' म्हणत आले होते. ग्रीक 'कार्दिया' म्हणजे हृदय, आणि बिब्ब्याचं काळं बी हृदयाच्या आकाराचं, म्हणून ते नाव.

पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा काजूला नाव मिळालं 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले'. ऑक्सिडेंटाले म्हणजे पश्चिमेकडचा. नाव वाचलं की कळतं, पश्चिमेकडचा बिब्बा! बिब्ब्याचं स्वतःचं नाव मात्र त्याच्याकडून गेलं आणि नंतर लिनियसच्या मुलाने त्याला 'सेमेकार्पस अनाकार्डियम' केलं. सेमेकार्पस म्हणजे खुणेचं फळ. हृदयाचं नाव पाहुण्याला दिलं आणि घरच्याला त्याच्या कामावरून ओळख मिळाली. मला हा बिब्ब्यावर अन्याय वाटतो.

बिब्बा आणि काजू यांचं खरंच नातं आहे का, की नुसता नावाचा गोंधळ?

खरंच नातं आहे. दोघंही एकाच कुळातले. याच कुळात आंबा आहे, चारोळी आहे, पिस्ता आहे आणि आपल्या उडिदमेथीत पडणारा आंबाडाही आहे.

पण कुळ पुस्तकात शोधायची गरज नाही, दोन्ही फळं शेजारी ठेवून बघा. पिकलेल्या बिब्ब्याला खाली नारिंगी रंगाचा मांसल देठ असतो आणि त्याच्या टोकाला काळं, चकचकीत बी. काजूला खाली पिवळा किंवा लाल बोंडू आणि टोकाला राखाडी बी. रचना तीच, माप वेगळं. दोघांतही आपण ज्याला फळ म्हणतो तो खरा तर फुगलेला देठ, आणि खरं फळ म्हणजे बाहेर लटकणारी ती बी.

आणि दोघांच्याही टरफलात तेल. बिब्ब्याचं तेल कपड्यावर पडलं की काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही. म्हणून धोबी कपड्यांवर खुणा करायला ते वापरत. कातडीवर पडलं तर फोड येतो. एखाद्याच्या चालत्या कामात मोडता घातला की आपण 'त्याने बिब्बा घातला' म्हणतो, ते उगाच नाही. काजूचं तेलही याच जातीचं. ओली बी विळीवर उभी धरून चिरताना टरफलाच्या कडेने एक पातळ, चिकट द्राव सुटतो. बघताना निरुपद्रवी वाटतो, पण बोटांच्या पेरांना लागला की दुसऱ्या दिवशी कातडी तपकिरी होते आणि मग सोलून निघते. म्हणून बायका आधी हातांना खोबरेल तेल चोळतात आणि मगच बिया चिरायला बसतात. रसायनशास्त्रात या तेलातल्या आम्लाचं नाव अनाकार्डिक आम्ल. म्हणजे नावात पुन्हा बिब्बाच.

कारवार-मंगळूरकडे ओल्या काजूला 'बिब्बो' म्हणतात. ती चूक आहे ना?

अजिबात नाही. ती चूक म्हणणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. तिकडच्या सारस्वत घरांत तोंडली आणि ओले काजूगर घालून जी उपकरी होते, तिच्यातल्या गरांना बिब्बे म्हणतात. गोव्यात त्याच गरांचं आपण तोणाक करतो आणि त्यांना नुसतं 'बिया' म्हणतो.

ज्या लोकांनी बिब्बा पिढ्यान्‌पिढ्या हाताळला होता, त्यांच्यासमोर एक परदेशी झाड आलं. त्यांनी बी पाहिली, बोंडू पाहिला, तेलाने हात भाजून घेतले आणि ओळखलं, की हा बिब्ब्याच्याच घरातला. मग त्याला तेच नाव दिलं. लिनियसने जे केलं तेच, आणि त्याच्यासारखं एकही वाळवलेलं पान कागदावर न चिकटवता.

कोकणीपुरतं हे नाही. तेलुगूत काजूगर म्हणजे 'जीडिपप्पू'. 'नल्ल जीडि' म्हणजे काळं जीडि, म्हणजे बिब्बा. कन्नडमध्ये काजूच्या झाडाला 'गेरू' आणि बिब्ब्याला 'करी गेरू', म्हणजे पुन्हा काळा गेरू. आणि कन्नड 'गोडंबी' म्हणजे काजूगर. हाच शब्द मराठीत बिब्ब्याच्या आतल्या गराला आहे! विदर्भ-मराठवाड्यात बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत जी गोडंबी घालतात, ती बिब्ब्याची. म्हणून गोव्यातून हुबळी-धारवाडला जाऊन कुणी गोडंबी मागितली तर काजू मिळतो, आणि नागपूरला जाऊन मागितली तर बिब्ब्याचं बी. दोन्ही दुकानदार बरोबरच असतात.

जर्मनांनीही हीच जोडी एकत्र बांधली होती. त्यांच्या जुन्या औषधांच्या यादीत बिब्बा म्हणजे 'पूर्वेकडची हत्तीची ऊ' आणि काजू म्हणजे 'पश्चिमेकडची हत्तीची ऊ'. दोघांच्या बियांचा तो गोळसर, काळपट आकार पाहिल्यावर नावामागचं कारण सांगावं लागत नाही.

स्वाहिलीत काजूच्या बीला 'कोरोशो' आणि बोंडूला 'बिबो' म्हणतात. ओर्ताने लिहिलेला शब्दही बिबोच होता. मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालत होता आणि इथली माणसं तिकडे जात-येत होती. मला तरी तो बिबो आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला वाटतो.

दक्षिणेत काजूला आंबा का म्हणतात?

कारण पान, मोहोर आणि झाडाचा आकार पाहिला की आंबा आठवतो. मल्याळममध्ये आंब्याच्या झाडाला 'माव' म्हणतात. काजू झाला 'कशुमाव'. त्याचं दुसरं नाव 'परंगीमाव'. परंगी म्हणजे आपला फिरंगी, तेव्हा फिरंग्यांचा आंबा. बीला 'परंगियंडी', फिरंगी कोय. आणखी एक नाव 'कप्पलमाव', म्हणजे जहाजाचा आंबा. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान रेडने मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ करवून घेतला, त्यात काजू 'कपा-मावा' याच नावाने आहे.

थायलंडमध्येही तो आंबाच आहे. तिथलं नाव 'मामुआंग हिम्मफान', हिम्मफानचा आंबा. हिम्मफान म्हणजे त्यांच्या पुराणातलं हिमालयाच्या पायथ्याचं अद्भुत वन. ब्राझीलचं झाड त्यांनी थेट हिमालयाला नेऊन लावलं.

तमिळमध्ये 'मुंदिरी' म्हणजे काजू, मग केरळात मुंदिरी मागितल्यावर द्राक्षं का मिळाली?

कारण मल्याळममध्ये 'मुंदिरी' म्हणजे द्राक्ष. तमिळमध्ये द्राक्षाला 'कोडीमुंदिरी' असंही म्हणतात, म्हणजे वेलीवरची मुंदिरी. सीमेपलीकडे गेल्यावर 'काजू' किंवा 'अंडीपरिप्पू' म्हणावं, काम होतं.

बाकीच्या जगात काय म्हणतात?

यादी मोठी आहे, निवडक सांगतो. चिनी लोक काजूला 'याओक्वो' म्हणतात. चिनीत 'याओ' म्हणजे कंबर, आणि मूत्रपिंडाचं नावही त्यावरूनच पडलेलं. तेव्हा हे मूत्रपिंडाच्या आकाराचं फळ. व्हिएतनामी नाव माझ्या विशेष आवडीचं. त्याचा अर्थ 'बी उलटी बाहेर आलेला पीच'. ज्याने हे नाव दिलं त्याने झाड नीट निरखलं होतं. इंडोनेशियात 'जांबू मोन्येत', माकडाचा जांब.

इराणात 'बादाम-ए-हिंदी', हिंदुस्थानी बदाम. ब्राझीलचं फळ इराणला भारतातून मिळालं, हे त्या नावातच लिहिलंय. आपल्याच देशात बंगालमध्ये 'हिजली बादाम' म्हणतात. हिजली हा मेदिनीपूरचा किनारी भाग, तिथे काजू पिकतो.

उच्चारावरून माल कुणाच्या हातून आला, याचा अंदाज बांधता येतो. सिंहलीत 'कजु', मलयमध्ये 'गाजुस', अरबी आणि तुर्कीत 'काजू', म्हणजे ज असलेल्या भाषांनी तो पोर्तुगिजांकडून किंवा आपल्याकडून घेतला. रशियन 'केश्यू', जपानी 'काश्यू', हे इंग्रजीच्या बाजूचे. फिलिपिन्समध्ये 'कासुय', तिथे मधे स्पॅनिश उभे होते.

स्पॅनिश माणसाला 'काजू' म्हटलं तर कळेल का?

कुठला स्पॅनिश, त्यावर आहे. स्पेनमध्ये 'अनाकार्दो'. कोलंबिया, क्यूबा आणि मध्य अमेरिकेत 'मारान्योन', ब्राझीलच्या मारान्याँव या प्रदेशावरून. व्हेनेझुएलात 'मेरेय'. शेजारच्याच देशात तुपी नाव पोचलं नाही आणि ते इतक्या दूरच्या गोव्यात येऊन पक्कं झालं. याचं कारण साधं आहे. ब्राझील पोर्तुगिजांचा, गोवाही पोर्तुगिजांचा. मधला समुद्र त्यांच्या जहाजांचा रोजचा रस्ता होता.

फ्रेंच पाहुणा 'आकाजू' म्हणाला, पण लाकडाच्या कपाटाकडे बोट दाखवून. असं का?

आजच्या फ्रेंचमध्ये 'आकाजू' म्हणजे महोगनी लाकूड आणि त्याचा तांबूस रंग. काजूची बी त्यांच्याकडे 'न्वा द काजू'. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांत मात्र 'आनाकार्द' जास्त ऐकू येतं. कोत दिव्वार हा आज काजूबीचा सर्वांत मोठा उत्पादक देश आहे, त्यामुळे जगाच्या काजूबाजारात हा बिब्ब्याचा शब्द रोज हजारो पोत्यांवर छापला जातो. महोगनी आणि काजू ही झाडं मात्र अगदी वेगळ्या कुळांतली आहेत.

'एका काशाला आठ' म्हणून कॅश्यू, ही गोष्ट खरी आहे का?

नाही. ही गोष्ट मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरते. केरळात पोर्तुगिजांना एका काशाला, म्हणजे एका नाण्याला, आठ बिया विकत आणि त्या 'काशिनु एट्टु'वरून कॅश्यू झाला, असं त्यात सांगतात. ऐकायला गोड आहे. पण तुपी लोक आपलं झाड अकाजू म्हणत होते आणि युरोपियन लोक ते लिहून ठेवत होते, तेव्हा केरळात हे झाड पोचलेलंही नव्हतं. गोष्ट नंतर रचलेली आहे.

'काशु' हे दक्षिणेतलं नाणं मात्र खरं. त्यावरून पोर्तुगीज 'काइशा' आणि मग आशियातल्या किरकोळ नाण्यांसाठीचा इंग्रजी 'कॅश' आला. रोकड या अर्थाचा इंग्रजी 'कॅश' पुन्हा वेगळा, तो युरोपातल्या 'पेटी' या अर्थाच्या शब्दावरून आलेला. आणि तोंडाला सुवास यावा म्हणून चघळायच्या गोळीचा 'कॅशू' हा जुना इंग्रजी-फ्रेंच शब्द विड्यात घालतात त्या काताचा. आवाज जवळचे, घरं निराळी.

गोव्यात फळाला आणि बीला वेगवेगळी नावं आहेत, इंग्रजीत का नाहीत?

कारण इंग्रजीभाषक देशांत फक्त सोललेला गर पोचला. फळ एका दिवसात नासतं, ते जहाजात टिकणार कसं? त्यामुळे 'कॅश्यू' म्हणजे गर, आणि फळ सांगायचं तर 'कॅश्यूचं सफरचंद' असा लांबचा शब्द जोडावा लागतो. ब्राझीलमध्ये याच्या उलट आहे. तिथे 'काजू' म्हणजे रसाळ फळ, आणि बी म्हणजे 'काजूचं चेस्टनट'.

आपल्याकडे दोन्ही खातात, म्हणून दोघांनाही घरचे शब्द आहेत. झाड काजू, फळ बोंडू, न फोडलेली ती बी, आणि आतला तो गर. बोंडू हा शब्द आपल्या 'बोंड'चाच भाऊ, कापसाच्या बोंडातला. हे शब्द आता शहरात मागे पडत चालले आहेत, याचं मला वाईट वाटतं. मुलं बोंडूला 'काजूचं फ्रूट' म्हणायला लागली आहेत. घरात मोठ्यांनी बोंडू म्हणत राहिलं तर मुलं आपोआप उचलतात.

नीरो, हुर्राक, फेणी हे शब्दही ब्राझीलचे का?

नाहीत, बोंडूच्या रसापासूनच्या पेयांची ही तिन्ही नावं या बाजूची. बोंडू कातळात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवतात. तो चोथा एकावर एक रचून वेलीने आवळून बांधतात, वर दगड ठेवतात. त्यातून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो, 'नीर'मधला. तुडवून निघालेला रस आंबवून पहिल्यांदा भट्टीला लावला की हुर्राक. हा शब्द अरबी 'अरक'च्या घरातला मानतात. अरक म्हणजे घाम, भांड्याच्या तोंडाशी थेंब जमतात तसा. मराठी अर्क आणि इंग्रजी 'अॅरॅक' त्याच्याच नात्यातले. पुन्हा गाळली की फेणी. ती 'फेण'वरून, म्हणजे फेसावरून. बाटली हलवून वर येणारे बुडबुडे बघून तिचा कस ओळखायची रीत अजून आहे.

फेणी हा शब्द काजूपेक्षा जुना. माडाच्या सुरेची फेणी आधीची, काजूची नंतरची. 2009 मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारशाचं पेय म्हणून मान्यता दिली.

तुपी भाषेतला दुसरा एखादा शब्द मराठीत आहे का?

आहे, अननस. तोही ब्राझीलकडचा, तोही पोर्तुगिजांच्या हातून आलेला. इथे इंग्रजी वेगळ्या वाटेने गेली, तिने 'पाइनॅपल' घेतलं. युरोपातल्या बहुतेक भाषा आपल्यासारखंच 'अननस' म्हणतात.

पाकिटावर मराठीत काय छापावं, 'कॅश्यू' की 'काजू'?

'काजू'. आत गर असेल तर 'काजूगर', भाजलेला असेल तर 'भाजलेले काजूगर', टरफलासकट असेल तर 'काजूबी'. ओला माल असेल तर तसं स्पष्ट लिहावं, कारण ओल्या गराचा भाव, चव आणि टिकण्याचे दिवस सगळंच वेगळं. तो काजू, ती बी, तो बोंडू. अनेकवचनात काजू तसाच राहतो, बीच्या बिया होतात. कारवारकडे पाठवायच्या मालावर खाली लहान अक्षरांत 'बिब्बे' छापलं तर तिकडच्या गिऱ्हाइकाला ते लगेच कळतं. नागपूरकडे जाणाऱ्या मालावर मात्र ते छापू नये. तिथे बिब्बा म्हणजे बिब्बाच.